पुस्तक बोलू लागले, पण कोणाच्या वाणीने?

सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात उभे राहून कान दिला तर मराठी ऐकू येते. दुकानांच्या पाट्यांवर नजर टाकली तर हिंदी दिसते. आमच्या भाषेचा सारा पेच एवढ्यात आला. आजी घरात बोलते ती मराठी आणि नातू शाळेत लिहितो-वाचतो ती बहुधा हिंदी. लिपी एकच असल्यामुळे मराठी अक्षरे त्याला ओळखू येतात. परंतु सबंध कादंबरी हाती घेतली की तो दहा पानांत थकतो. हा दोष बुद्धीचा नव्हे, सरावाचा आहे. अशा मुलाच्या हाती आज श्राव्य पुस्तक आले आहे. या साधनाचा आमच्या भागाने गंभीरपणे विचार करावयास हवा.

प्रकार नवा दिसला तरी परका नाही. चातुर्मासात एकाने 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचावा आणि आळीने तो ऐकावा, ही रीत जुनीच आहे. अक्षर न शिकलेल्या आयाबायांना ओव्या मुखोद्गत होत्या, त्या कानांच्या बळावर. 16 जुलै 1948 रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर आणि आमचा छिंदवाडा जिल्हा एकाच प्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्ये सीमारेषा पडली. तिने कचेऱ्या वेगळ्या केल्या, शाळा वेगळ्या केल्या. ध्वनिलहरी मात्र तिला अडविता आल्या नाहीत.

पुढे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केले; व. पु. काळे यांच्या कथा ध्वनिफितींवरून घराघरांत पोहोचल्या. विदर्भातील परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या कन्या वीणा देव व कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. केवळ आवाजावर श्रोते खिळून राहात. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, तेव्हा आरंभापासूनच इंग्रजी व हिंदीच्या जोडीला तिने मराठीची निवड केली. मराठी माणसाचा कान तयार होता, म्हणूनच हे घडले.

येथवर आनंद आहे. चिंतेचा विषय पुढेच आहे. निवेदकाचे काम नुसते वाचण्याचे नव्हे. पुस्तक आधी पचवावे लागते. प्रत्येक पात्राचा स्वर ठरवून तो अखेरपर्यंत सांभाळावा लागतो. 'काहून' हा आमचा एक शब्द घ्या. तोच शब्द बाप दरडावून म्हणतो, आई मायेने म्हणते आणि कर्जाने पिचलेला शेतकरी काकुळतीने म्हणतो. ज्याने ही बोली ऐकलेली नाही, त्याच्या तोंडी तिन्ही एकसारखेच होतात. उद्धव शेळके यांच्या 1960 च्या 'धग'मधील कौतिकचे दुःख जर कोणी वऱ्हाडीची उसनी नक्कल करून वाचले, तर ते दुःख राहील काय? विनोदी पात्राच्या तोंडी वऱ्हाडी घालून टाळ्या मिळविण्याची खोड रंगभूमीला आणि चित्रपटाला पूर्वीपासून आहे. तीच खोड श्राव्य पुस्तकांना लागली, तर आमची मुले आजीच्या भाषेला हसावयास शिकतील. भाषा सोडण्याची पहिली पायरी हीच होय.

आणखी एक संकट दारी आहे. 2025 साली ऑडिबल या बड्या कंपनीने संगणकाने घडविलेल्या आवाजात पुस्तके काढण्याची योजना जाहीर केली. ही लाट मराठीलाही चुकणार नाही. असे यंत्र शिकते ते माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून. ज्या बोलीचे ध्वनिमुद्रणच नाही, ती यंत्राच्या लेखी मुकीच राहावयाची! तेव्हा आज जे आवाज आपण जतन करणार नाही, ते उद्या कोणीही आपल्याला परत देणार नाही.

म्हणून निर्मात्यांना आमचे सांगणे असे की, ज्या मातीची कादंबरी असेल त्या मातीतला निवेदक शोधा. त्याचे नाव लेखकाच्या नावाशेजारी छापा आणि श्रमाला साजेल असे मानधन द्या. आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या बांधवांनो, आपण तरी हात बांधून का बसावे? 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. या जिल्ह्यात निवृत्त शिक्षक आहेत, कीर्तनकार आहेत, भजनी मंडळे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ सामुदायिक वाचनास द्या. छापील पुस्तकाचे ध्वनिमुद्रण करावयाचे तर लेखक-प्रकाशकांची अनुमती घ्या. आजीच्या गोष्टींना मात्र अशा अनुमतीची गरज नाही. तिने हौसेने होकार दिला की पुरे. खिशातला फोन तेवढ्यासाठी पुरेसा आहे.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. श्राव्य पुस्तक हे शाळेची जागा घेऊ शकत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम 350 (अ) सांगते. तेही 1956 सालीच घटनेत आले. त्या हक्काचा आग्रह सोडावयाचा नाही. परंतु तो पदरी पडेपर्यंत मुलांचे कान तरी मराठीला पारखे होऊ देऊ नका. ज्या घरात आज रात्री एक मराठी गोष्ट मोठ्याने वाचली जाईल, त्या घरातला मुलगा उद्या ते पुस्तक स्वतःहून उघडील, असा आमचा विश्वास आहे.