डॅशबोर्डची मालकी कोणाची?

युरोपात नव्या मोटारींना सुरक्षिततेचे तारे बहाल करणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२६ पासून आपल्या परीक्षेत एक साधीशी वाटणारी अट घातली आहे. वळण्याचे दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि अपघातानंतर मदत मागण्याची सोय या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारे खरेखुरे बटण किंवा दांडी हवी. त्या पडद्याच्या पोटात दडवून ठेवल्या, तर गुण कापले जाणार. बातमी छोटी आहे. आपल्याकडे तिची फारशी चर्चाही झाली नाही. पण गेली पंधरा वर्षे जगभरचे मोटार कारखाने ज्या दिशेने धावत होते, त्या दिशेला कोणीतरी अधिकृतपणे 'जरा सबुरीने' असे म्हटले आहे, हे महत्त्वाचे.

या शर्यतीची सुरुवात मात्र कारखान्यांनी एकट्याने केलेली नाही. २०१० साली आयपॅड बाजारात आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील हौशी मंडळींनी तो मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये बसवून दाखवला. २०१२ साली गुगलचा 'नेक्सस ७' हा सात इंची टॅब्लेट १९९ डॉलरला मिळू लागला, तेव्हा तर या हौसेला ऊत आला. मोटारीतील स्टिरिओसाठी जी चौकोनी खाच असते तिचे माप जगभर ठरलेले आहे: रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. त्याच्या दुप्पट उंचीच्या खाचेला 'डबल डिन' म्हणतात. 'डिन' हे जर्मनीच्या मानक संस्थेचे नाव. नेक्ससची लांबी होती १९८.५ मिलिमीटर आणि रुंदी १२०. म्हणजे अगदी थोडक्यात चुकामूक! मग कोणी प्लॅस्टिकची चौकट कानशीने घासली, कोणी फायबर ग्लासची नवी चौकट ओतली, आणि टॅब्लेट बसला.

त्याच २०१२ साली टेस्ला कंपनीची 'मॉडेल एस' आली. तिच्या मध्यभागी १७ इंचांचा उभा पडदा होता. जे काम हौशी माणूस गॅरेजमध्ये कानशीने करत होता, तेच कंपनीने कारखान्यात केले. फरक एवढाच, की हौशी माणसाचा पडदा स्क्रू काढून बाहेर येत होता, कंपनीचा येत नव्हता. या एका फरकात आजच्या वादाचे मूळ आहे, असे मला वाटते.

मराठी घरांना हा प्रकार तसा नवा नाही. फियाट आणि अँबॅसिडरच्या काळात गाडी घेतली की रेडिओ, पंखा आणि सीटकव्हर बाहेरून बसवून घेण्याचा एक सोहळाच असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यातही बहुतेकांनी कॅसेट प्लेअर नंतरच बसवला. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही ठिकाणे याच खटपटीवर पोसली गेली. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, कारागीर उताणा पडून डॅशबोर्डखाली डोके घालणार, तोंडात टेप आणि हातात टेस्टर, आणि तासाभरात मागच्या स्पीकरमधून गाणे सुरू. पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तोवर तिच्या डॅशबोर्डवर किती तऱ्हेची यंत्रे आली आणि गेली याची गणती नाही. मुद्दा असा, की डॅशबोर्ड ही मालकाची जागा होती. देवाच्या मूर्तीपासून पंख्यापर्यंत तिथे काय ठेवायचे, हे घरचे लोक ठरवत.

माझ्या धाकट्या भाच्याने गेल्या वर्षी घरातला एक जुना सात इंची टॅब्लेट माझ्या २०११ सालच्या गाडीत बसवायचे ठरवले, तेव्हा मी या विषयाकडे प्रथम नीट पाहिले. अधिकृत विक्रेत्याने पडदा असलेल्या स्टिरिओसाठी सांगितलेला आकडा ऐकून भाचा हसला होता. "मामा, टॅब्लेट कपाटात पडून आहे, वायर आणि कन्व्हर्टर मिळून हजार रुपयेसुद्धा लागणार नाहीत," असे तो म्हणाला. मी म्हटले, "कर, पण प्रत्येक वायर मला समजावून सांगत कर." तीन रविवार हे काम चालले आणि त्यातून मला जे कळले ते इतरांच्याही उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट विजेची. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना हा दाब चौदाच्या आसपास जातो. टॅब्लेटला हवे असतात ५ व्होल्ट. म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि वीज जिथून घेतली त्या टोकाजवळच फ्यूज लागतो. हा फ्यूज टॅब्लेटच्या रक्षणासाठी नसतो, वायर तापून गाडी पेटू नये म्हणून असतो. वीज घ्यायची ती किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या वायरवरून. थेट बॅटरीवरून घेतली, तर टॅब्लेट रात्रंदिवस थेंब थेंब वीज पीत राहतो आणि एके दिवशी सकाळी गाडी सुरूच होत नाही. एअरबॅगच्या वायरी आणि जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, हा नियम भाच्याने स्वतःच भिंतीवर लिहून ठेवला होता.

दुसरी गोष्ट आवाजाची. टॅब्लेटमध्ये गाडीचे स्पीकर वाजवण्याइतकी ताकद नसते. जुना स्टिरिओ काढून टाकला, तर वेगळा अँप्लिफायर बसवावा लागतो. आम्ही स्टिरिओ ठेवला आणि टॅब्लेटचा आवाज वायरने त्याला जोडला. तिसरी गोष्ट नकाशाची. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहाशी बोलणारी जीपीएसची चिप नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. नेक्ससमध्ये मात्र ती होती. म्हणून घरातला कोणताही टॅब्लेट उचलून चालत नाही.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट उष्णतेची. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. ॲपल कंपनी आयपॅड ३५ अंशांच्या आत वापरा आणि बंद स्थितीतही ४५ अंशांच्या वर ठेवू नका, असे सांगते. आता नागपूर, अकोला, जळगाव किंवा सोलापूरचा मे महिना आठवा. लिथियमची बॅटरी अशा भट्टीत रोज ठेवली तर ती फुगते आणि फुगलेली बॅटरी ही गंमत नव्हे. कारखान्यात बसवलेल्या पडद्यांना स्वतःची बॅटरी लागत नाही आणि त्यांचे सुटे भाग जास्त उष्णता सोसतील असे निवडलेले असतात. कंपनीच्या वस्तूची किंमत जास्त असण्याला हे एक प्रामाणिक कारण आहे, ते मान्य केले पाहिजे. आमच्या चौकटीतून टॅब्लेट पुस्तकासारखा सरकवून बाहेर काढता येतो. गाडी उभी केली की तो पिशवीत घालून घरी यायचा. एम-सील लावून तो कायमचा चिकटवण्याचा मोह भाच्याने टाळला, याचे मला कौतुक वाटते.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी पुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांहून वेगळे होतील, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. नोंदणी पुस्तकात इंजिन, चासी, आसने, इंधन यांची नोंद असते, स्टिरिओची नसते. त्यामुळे पडदा बसवणे हा त्या अर्थाने गुन्हा ठरत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातील संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात धरले आहे आणि पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून अशा साधनाचा वापर केवळ रस्ता शोधण्यासाठी आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्याची मुभा मिळाली. तात्पर्य, नकाशा चालेल, सिनेमा चालणार नाही. शिवाय बाहेरून बसवलेल्या साधनांची नोंद विमा कंपनीकडे करून जादा हप्ता भरला नाही, तर चोरी झाल्यावर भरपाई मागता येत नाही.

पण लक्ष विचलित होण्याचा खरा मोजमाप केलेला हिशेब पाहिला की दोष केवळ हौशी लोकांवर ढकलता येत नाही. २०२२ साली 'वी बिलॅगारे' या स्वीडनच्या नियतकालिकाने धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवून चार साधी कामे करायला किती वेळ लागतो ते मोजले. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये दहा सेकंद लागले. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या, पडद्याच्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. सव्वा किलोमीटरहून जास्त! आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. आपले रस्ते स्वीडनच्या धावपट्टीसारखे मोकळे नाहीत. आपल्याकडे या ४५ सेकंदांत एक शाळा, एक बैलगाडी आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी आडवी येते.

समुद्रावरही हेच घडले. अमेरिकी नौदलाच्या 'जॉन मॅकेन' या युद्धनौकेची २०१७ साली सिंगापूरजवळ टक्कर होऊन दहा नौसैनिक मेले. चौकशीत सुकाणूच्या पडद्यांची गुंतागुंत पुढे आली आणि २०१९ साली नौदलाने पुन्हा हाताने ओढायच्या दांड्या बसवण्याचा निर्णय जाहीर केला. बोटाला न बघता जी गोष्ट सापडते ती सुरक्षित. ज्यांनी पूर्वी रेडिओची खुंटी पिळून आकाशवाणी लावली आहे, त्यांना हे शिकवावे लागत नाही.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पाच वर्षांनी वाढवता येते. पडद्यामागच्या संगणकाचे आयुष्य मात्र फोनसारखे असते. २०२१ साली टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पडद्यामागची स्मृतीची चिप झिजून निकामी होत होती आणि तिच्याबरोबर मागचा कॅमेराही बंद पडत होता. २०२२ साली अमेरिकेत थ्री-जी सेवा बंद झाली, तेव्हा धडधाकट गाड्यांमधील संपर्काच्या सोयी एका रात्रीत मुक्या झाल्या. कपाटातला जुना टॅब्लेट बदलायला दहा मिनिटे लागतात. कारखान्यात बसवलेला पडदा बदलायचा, तर डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि कंपनी तो भाग पंधरा वर्षे पुरवील याची हमी कोणी देत नाही.

म्हणूनच मी भाच्याच्या खटपटीकडे नुसती हौस म्हणून पाहत नाही. हातातली वस्तू उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्या हातून हळूहळू निसटतो आहे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेर त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे, ही चांगली गोष्ट. पण हक्क कागदावर असून भागत नाही. गाडीच्या वायरिंगचा नकाशा गल्लीतल्या मेकॅनिकला वाजवी दरात मिळाला पाहिजे. पडद्याचे माप आणि जोडणी जुन्या 'डिन' खाचेसारखी सर्वांसाठी एक असली पाहिजे. पडदा मेला तरी वायपर, दिवे आणि काचेवरचे धुके घालवणारा पंखा चालू राहिला पाहिजे.

आणि घरी हा उद्योग करू पाहणाऱ्या कुटुंबांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पडदा एअरबॅगच्या वाटेत येतो का? फ्यूज कुठे आहे, हे घरातील प्रत्येक चालकाला माहीत आहे का? उन्हात तो काढून ठेवता येतो का? गाडी चालू असताना त्याला हात न लावण्याची शिस्त आपल्यात आहे का? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर मुलांना जरूर करू द्या. यापैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पक्कड आणि टेस्टर देतात. चौथ्याचे उत्तर मात्र ना कंपनी देऊ शकत, ना कायदा. ते रोज किल्ली फिरवताना ज्याचे त्यालाच द्यावे लागते.