आधी खेळ, मग लायब्ररी



'लायब्ररी' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पुस्तकांनी भरलेली कपाटे उभी राहतात. संगणकाच्या जगात मात्र लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह. शिंपी सदरा शिवतो. पण बटणे आणि दोरा बाजारातून आणतो. तसेच खेळ तयार करणारा पडद्यावर चित्र दाखवणे, आवाज वाजवणे, कोणती कळ दाबली हे ओळखणे ही कामे लायब्ररीकडून करून घेतो. खेळाचे नियम मात्र त्याला स्वतःच लिहावे लागतात.

सपाट चित्रांचे साधे खेळ करण्यासाठी अशा अनेक लायब्रऱ्या फुकट मिळतात. मग कोणती निवडावी? पुष्कळ मुले म्हणतात, "जी सर्वांत मोठी आणि प्रसिद्ध, ती!" मला हे पटत नाही. एका माणसाच्या चहासाठी कोणी देग चढवीत नाही. आधी खेळ ठरवावा आणि मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: मला कोणती संगणक-भाषा येते? पायथॉन येत असेल तर पायगेम ही लायब्ररी सोयीची. ती २००० साली आली. एकदा संगणकावर उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही. साध्या खेळाला जुना संगणकही पुरतो.

दुसरा प्रश्न: माझा खेळ कोण, कशावर खेळणार? मित्राजवळ फक्त मोबाइल असेल, तर पायगेममधला खेळ त्याच्यापर्यंत पोहोचवणे अवघड जाते. २०१३ साली आलेल्या फेझर या लायब्ररीतला खेळ ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून तो मोबाइलवरही उघडतो. पण त्यासाठी जावास्क्रिप्ट ही भाषा शिकावी लागते.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: पडद्यावर कोणती लिपी दिसणार? उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते. ब्राउझर ही जुळणी स्वतःच करतो. पायगेममध्ये मात्र साध्या पद्धतीने उर्दूत 'शाबाश' लिहायला गेलात, तर अक्षरे सुटी आणि उलट क्रमाने दिसू शकतात. अशा वेळी निराश होऊन सगळे इंग्रजीत लिहू नका. तो शब्द दुसरीकडे नीट लिहून त्याचे चित्र करा आणि ते चित्र खेळात दाखवा. तुमचा खेळ तुमच्या नानीलाही वाचता आला पाहिजे.

आता एक छोटी परीक्षा घ्या. पडद्यावर एक चौकोन काढा, बाणाच्या कळांनी तो हलवा आणि शेजारी एक उर्दू व एक मराठी शब्द दाखवा. एक-दोन दिवसांत हे जमले, तर ती लायब्ररी तुमच्या कामाची आहे. मला विचाराल तर, पायथॉन येणाऱ्याने पायगेमपासूनच सुरुवात करावी.

तुम्ही म्हणाल, "निवड चुकली तर?" तरीही फारसे बिघडत नाही. चेंडू भिंतीला लागून कसा परततो, गुण कधी वाढवायचे, खेळ कधी संपवायचा, हा विचार तुमचा असतो. लायब्ररी बदलली तरी तो तुमच्याबरोबर येतो. नुकसान होते ते दर आठवड्याला नवी लायब्ररी धरण्याने. असे करणाऱ्याचा एकही खेळ पुरा होत नाही आणि मग 'हे आपले काम नव्हे' असे त्याला वाटू लागते. खरे तर त्याची बुद्धी कमी नसते. त्याने एका जागी टिकून काम केलेले नसते.

१९७२ साली अटारी कंपनीने 'पाँग' हा खेळ काढला. त्यात एक चेंडू आणि दोन फळ्या, एवढेच होते. तरी लोकांनी तो आवडीने खेळला. तुम्हीही असाच एक छोटा खेळ निवडा, आणि तो पुरा होईपर्यंत लायब्ररी बदलू नका.