गोदामातले हात आणि रुमालाखालचा दर



शहापूर-मुरबाड हा भाताचा, नागलीचा मुलूख. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने तिकडे कशाला पाहायचे? अशासाठी, की नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शहापूर तालुका ओलांडून भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंत पुरा झाला. तुमच्या शिवाराजवळून निघालेली वाट आता थेट गोदामांच्या दारात जाते.

मोबाईलवरून मागवलेल्या मालाची ही गोदामे भिवंडी-पडघ्याच्या पट्ट्यात उभी आहेत. भात झोडून झाला की शहापूरची पोरे तिकडे जातात. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तिथली मोटारसायकलवर.

काम काय? जुन्या गोदामात कोणती थप्पी कुठे, हे मुकादमाच्या डोक्यात असे. म्हणून त्याला सहज काढता येत नसे. आता ते संगणकाच्या डोक्यात आहे. हातातले स्कॅनर सांगेल त्या कप्प्यापाशी जायचे, वस्तू उचलायची, पुढच्या कप्प्याकडे पळायचे. चार दिवसांत कुणीही शिकतो. आणि जे कुणीही पुरवू शकतो त्याला भाव मिळत नाही, हे शेतकऱ्याला दुसऱ्याने सांगायला नको! दिवाळीच्या हंगामात भरती, हंगाम सरला की घरी. पदवीधरही त्याच रांगेत.

घरपोच माल नेणाऱ्या पोराची गत आणखी वाईट. फेरीचे पैसे मोबाईलमधला हिशेब ठरवतो. कसा, ते त्याला कळत नाही. आडते रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा धनी बाजूला उभा राही, तोच प्रकार.

यंत्र नको, असे मी म्हणणार नाही. बोटांनी धागा ओढून कापसाची लांबी सांगणाऱ्या पारख्याचे काम एचव्हीआय यंत्राने घेतले. पण ते यंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला माणूस लागलाच. गोदामातही सरकते पट्टे, फोर्कलिफ्ट, बॅटऱ्या, मालाचा संगणकी ताळमेळ सांभाळणारा माणूस लागतो. त्याला चार दिवसांत बदलता येत नाही. हे काम तालुक्याच्या आयटीआयत शिकवा, ही आपली पहिली मागणी. जमीन आमची आणि आमच्या वाट्याला फक्त पळापळ, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

दुसरी मागणी हिशेबाची. १९६९ साली याच राज्याने माथाडी कायदा केला. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही. मालक बदलला तरी भविष्यनिर्वाह निधी सुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मोबाईलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे. तीही त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. ठीक आहे. पण दर कसा ठरतो ते उघड करा, असे ती सांगत नाही. रुमाल जागच्या जागी.

पुढच्या बैठकीला गोदामात जाणारी पोरे बरोबर आणा. पगाराची पट्टी आणि मोबाईलवरचा महिन्याचा हिशेबही आणायला सांगा. उलटी पट्टी वाचायची सवय आपल्याला आहेच.