टाकी धुतली का?

दिवाळीआधी घराघरांत जळमटे निघाली, पितळेची भांडी चिंचेने लख्ख झाली. गच्चीवरची पाण्याची टाकी किती घरांत धुतली गेली? सणाचा अंक आम्ही मुद्दाम या प्रश्नाने उघडतो आहोत, कारण दूषित पाण्याचा सर्वांत जबर फटका तान्ह्या मुलांना बसतो.

जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणी अनेकदा टाकीत येण्याआधी वाटेतच नासते. आपल्याकडे नळ ठरावीक वेळीच येतो. पाणी गेले की वाहिनीतला दाब ओसरतो आणि गटारालगतच्या फुटक्या सांध्यातून मैला आत शिरतो. मग गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळले, तेव्हाही संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला. शहरात राहतो म्हणून निर्धास्त राहावे, अशी स्थिती नाही.

जुलाबांत मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी, एवढेच त्यामागचे शास्त्र. तरीही ‘जुलाब थांबेपर्यंत बाळाला पाणी देऊ नका’ हा सल्ला घरोघरी आजही दिला जातो, याचा आम्हाला मनापासून संताप येतो. अशाच मिश्रणाचे, म्हणजे ओआरएसचे, एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे आणि घोटाघोटाने पाजत राहावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली, तर तडक दवाखाना गाठावा.

मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते, ती चुकवू नये. माठातून पाणी ओगराळ्यानेच घ्यावे. मुलाची शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी हात साबणानेच धुवावेत.

यापुढचे काम एकट्या आईवर टाकता येणार नाही. पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर वेळेवर पडते का, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी गावातल्या शेवटच्या नळावरही होते का, हे ग्रामसभेत विचारा आणि चाचणीची नोंदवही मागून पाहा. शहरात हाच प्रश्न नगरसेवकाला आणि सोसायटीच्या सभेत विचारा.