घरचा संगणक हेच गावचे दफ्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या मराठी घरांत आज संगणक ही नवलाई राहिलेली नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी किंवा मुलीच्या कॉलेजसाठी तो घरात येतो. शिक्षण संपून मुले पुण्या-बंगळूरला गेली, की निकाल पाहणे, रेल्वेचे तिकीट काढणे आणि गाणी ऐकणे एवढेच त्याचे काम उरते. त्याच घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या काळातले मराठी उतारे, मोडीतली खरेदीखते, शाळेचे दाखले आणि सत्याग्रहाची पत्रके वाळवी खात असते. या ट्रंकेची आणि त्या संगणकाची गाठ घालून देणे हे आजच्या घडीला सीमालढ्याचेच काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चतुःसूत्री आपण प्रत्येक मेळाव्यात सांगतो. पण खेडे हा घटक मागायचा, तर खेड्याचा कागदही आपल्या हाती हवा. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली न्यायालयाने साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी माजी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव एकमताने केला. ठराव, भाषणे, मोर्चे यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. पण उद्या एखाद्या गावाचा जुना मराठी कागद मागितला, तर तो किती घरांतून तासाभरात निघेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

संगणकाची ताकद सरकारने आपल्या आधी ओळखली. कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढवले आणि हस्तलिखित उतारे बंद केले. तलाठ्याच्या फेऱ्या कमी झाल्या, हे मान्य करायला हवे. पण उतारा कन्नडमध्ये आला आणि मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी आली. यंत्राला स्वतःची भाषा नसते. जो त्यात भरतो, त्याची भाषा ते बोलते. मग आपण त्यात काय भरले?

सुरुवात कागदांपासून करावी. स्कॅनर नसला तरी चालेल. खिडकीच्या उजेडात कागद सपाट ठेवून मोबाईलने सरळ फोटो घ्यावा आणि संगणकावर उतरवावा. फाईलला गाव, वर्ष आणि विषय अशा क्रमाने नाव द्यावे, म्हणजे दहा वर्षांनीही ती सापडेल. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, दुसरी कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवावी. मूळ कागद मात्र फेकू नये. न्यायालयात मोल त्याचेच असते. आणि जमिनीचे किंवा आधारचे कागद व्हॉट्सअॅपच्या गटात टाकण्याचा उत्साह आवरावा.

दुसरी गोष्ट मराठी लिहिण्याची. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली निवेदने आज उघडली, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही यंत्रावर दिसते आणि शोधले की सापडते. यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. विंडोजमध्ये मराठी कळफलक असतोच. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावी. ज्या ‘बरह’वर अनेक मराठी माणसांनी संगणकावरची देवनागरी गिरवली, तो १९९८ साली शेषाद्रिवासू या कन्नड गृहस्थांनी तयार केला. आपले भांडण कन्नड भाषेशी नाही, सक्तीशी आहे. चांगले अवजार कोणाच्याही हातचे असो, ते वापरावे.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. दाव्याची तारीख जवळ आली, की ‘निकाल लागला’, ‘बेळगाव गेले’ असले निरोप फिरू लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दाव्याची स्थिती घरबसल्या पाहता येते. ती पाहिल्याशिवाय निरोप पुढे ढकलू नये. २०११ च्या जनगणनेचे मातृभाषेचे तक्ते तालुक्यापर्यंत उतरवून घेता येतात. १८८४ सालचे बेळगाव जिल्ह्याचे मुंबई इलाख्यातले गॅझेटियर फुकट वाचायला मिळते. सभेत आकडा सांगताना तो कुठून घेतला हे सांगता आले, तर समोरचा अधिकारीही जपून बोलतो.

यातूनच पुढचे काम निघते, ते अर्जाचे. घटनेच्या ३५० व्या कलमाने आपले गाऱ्हाणे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे, म्हणजे मराठीतही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो आणि कर्नाटकात तो एकाच विषयावर, दीडशे शब्दांत बसवावा लागतो. आपल्या गावच्या मराठी शाळेत किती शिक्षक मंजूर आहेत आणि किती नेमले आहेत, एवढा एकच प्रश्न विचारायला दीडशे शब्द पुष्कळ झाले. प्रत संगणकात ठेवावी, पोच नोंदवावी आणि मुदत संपताच अपील करावे.

कोणी म्हणेल, लढा रस्त्यावर होतो, टेबलावर नाही. ५६ चे आणि ८६ चे हुतात्मे रस्त्यावरच पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्यांनी ज्या गावासाठी प्राण दिले, त्या गावाचा कागद वाळवीने खाऊ देणे हा त्यांचा सन्मान नव्हे. ‘या वयात आम्हाला हे काय जमणार’ ही सबबही खरी नाही. मोडी आजोबांना वाचता येते, यंत्र नातवाला चालवता येते. इंग्रजी माध्यमातला तो नातू आजोबांशेजारी बसून जुना दाखला अक्षर अक्षर टाईप करील, तेव्हा कागद तर वाचेलच, पण मुलाचे मराठीही वाचेल. मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.

तेव्हा प्रत्येक घराने येत्या १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनापर्यंत निदान दहा कागद संगणकात उतरवावेत आणि गावच्या कार्यकर्त्याकडे त्यांची यादी द्यावी. ट्रंक उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

जय महाराष्ट्र!