औंधच्या टेकडीवरील आपली मिळकत

पुणे–सोलापूर रस्त्याने नित्य जाणाऱ्या वाटसरूस कासुर्डी हे नाव ठाऊक असते ते बहुधा पूर्वीच्या टोलनाक्यामुळे. उरुळी कांचन आणि यवत यांच्या दरम्यान ऊस आणि तरकारी पिकविणाऱ्या या गावाचा शिल्पकलेशी काही संबंध असेल, अशी कल्पना त्याच्या मनास शिवण्याचे कारण नाही. तथापि यवतच्या दक्षिणेस जी डोंगरांची रांग दिसते तिच्या माथ्यावर, मुरार जगदेवाने आदिलशाही अमलात उभारलेल्या दौलतमंगळ किल्ल्याच्या पडक्या तटाआड, यादवकाळातील भुलेश्वराचे देवालय आहे, आणि त्याच्या काळ्या पाषाणाच्या भिंतींवर देवदेवता, मातृका, योद्धे, हत्ती आणि अन्यत्र क्वचितच आढळणारी स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती अशी काही संपदा कोरलेली आहे की, तिच्यापुढे अर्धा दिवस उभे राहिले तरी डोळ्यांची तृप्ती होऊ नये. श्रावणी सोमवारी आमच्या पंचक्रोशीतील आबालवृद्ध तेथे जातात, रांगेत तिष्ठतात, पिंडीवर बेल वाहतात, आणि चित्त गाभाऱ्याकडे लागलेले असल्यामुळे दोहो बाजूंच्या त्या मूर्तींकडे, त्यांच्या तुटलेल्या हातांकडे, हात तुटूनही न मोडलेल्या त्यांच्या डौलाकडे फारसे न पाहता खाली उतरतात. भक्तीस मी यत्किंचितही उणे लेखीत नाही. हे देवालय इतकी शतके जागते राहिले ते भक्तीमुळेच. परंतु पाहण्याची सवय ही निराळी गोष्ट आहे, ती आपोआप जडत नाही, आणि ती आपल्या रयतेस लागावी म्हणून महाराष्ट्रातील एका लहानशा संस्थानच्या अधिपतीने जे केले त्याकडे आमच्या दौंड-शिरूरच्या वाचकांचे लक्ष वेधावे, हा या लेखाचा हेतू आहे.

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध (पुण्याच्या उपनगराशी त्याचा संबंध नाही) हे पंतप्रतिनिधींच्या घराण्याचे राजधानीचे गाव. राजाराम महाराजांच्या काळात या घराण्यातील परशुराम त्रिंबक यांस प्रतिनिधिपद मिळाले, त्या पदाबरोबर जहागिरी आल्या, कालांतराने त्यांतल्या बऱ्याच गेल्या, आणि शेवटी जे संस्थान उरले ते अवघ्या ७२ गावांचे; तेही सलग नव्हे, तर औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरच्या बाजूचे गुणदाळ असे विखुरलेले, आणि पुष्कळसे अवर्षणाच्या छायेतले. अशा या संस्थानच्या गादीवर १९०९ साली भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. ते स्वतः कीर्तन करीत. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान मिळाले ते याच दरबारकडून, आणि वेदांचे भाष्यकार होण्यापूर्वी चित्रकार असलेल्या पंडित सातवळेकरांना आश्रय मिळाला तोही येथेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, बाळासाहेब स्वतः चित्रे काढीत. रामायणाची चित्रमालिका त्यांनी आपल्या हाताने रंगविली, पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले तेव्हा त्यास भरघोस द्रव्यसाहाय्य दिले आणि त्या आवृत्तीसाठी चित्रेही काढली, आणि अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांवर ग्रंथ लिहिले. चित्रे विकत घेऊन दिवाणखान्यात टांगणारे संस्थानिक हिंदुस्थानात शेकडो होते. रंग कालविण्याचे श्रम ज्याच्या स्वतःच्या बोटांना ठाऊक होते असा राजा विरळा, आणि त्याने जमविलेला संग्रह इतरांच्या संग्रहाहून वेगळा होणे क्रमप्राप्त होते.

१९३८ हे या कथेतले मध्यवर्ती वर्ष. त्या वर्षी औंधच्या टेकडीवर श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय उभे राहिले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली राजसत्ता रयतेच्या हवाली करण्याची घोषणा केली. महात्मा गांधींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम यांतून घडलेली ती स्वराज्याची घटना १९३९ च्या जानेवारीत अमलात आली, आणि ग्रामपंचायतीच्या पायावर रचलेले राज्य ७२ गावांत सुरू झाले. या दोन घटना इतिहासकार निरनिराळ्या प्रकरणांत सांगतात. मला मात्र त्या एकाच मनोवृत्तीची दोन कृत्ये वाटतात. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ साली सर्वांना खुले झाले ते राज्यक्रांती होऊन, राजाची मिळकत जप्त करून. राजवाड्यातील चित्रांपुढे सामान्य मनुष्य उभा राहावा यासाठी तेथे सिंहासन उलथावे लागले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९४ साली कामाठी बागेत वस्तुसंग्रहालय उभारून प्रजेस ते खुले केले, ही गोष्ट निःसंशय थोर. परंतु लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्याने काढलेली चित्रे आणि इटलीच्या फेलिचीने घडविलेली शिल्पे ही दरबारच्या वैभवाचाच भाग राहिली. औंधच्या राजाने सत्ता आणि सौंदर्य या दोन्ही ठेवी, कोणी मागण्यापूर्वी, एकाच वर्षात दाराबाहेर आणून ठेवल्या.

आणि ठेवल्या त्या कोठे, हेही पाहण्यासारखे आहे. गावाशेजारच्या ज्या टेकडीच्या शिखरावर यमाईचे मूळपीठ आहे, त्याच टेकडीच्या मध्यावर हे संग्रहालय आहे. देवीच्या दर्शनास निघालेला खटाव-माणचा शेतकरी, त्याची कारभारीण, कडेवरचे मूल, हे सारे ज्या वाटेने पिढ्यानपिढ्या चढत आले त्याच वाटेवर चित्रकार रविवर्मा आणि धुरंधर त्यांच्या भेटीस थांबलेले असावेत, ही योजना केवळ जागेच्या सोयीने झाली असेल असे मला वाटत नाही. राजवाड्यातील दालन देऊन काम भागले असते. पण राजवाड्याच्या देवडीवर रयतेचे पाऊल अडखळते, पायताण कोठे काढावे आणि मान किती लववावी हा प्रश्न पडतो. देवीच्या वाटेवर तो पडत नाही.

संग्रहालयात शिरल्यावर पहिली जाणीव होते ती विविधतेची. रविवर्म्याची आणि धुरंधरांची तैलचित्रे, जुन्या भारतीय शैलींतील लघुचित्रे, युरोपीय चित्रकारांच्या कृतींच्या प्रतिकृती, हस्तिदंत आणि चंदन यांवरील असे सूक्ष्म कोरीवकाम की, कारागिराच्या दृष्टीचे काय झाले असेल या विचाराने पाहणाराचे डोळे भरावेत. पण ज्या एका वस्तूपुढे मी सर्वांत अधिक वेळ थांबतो, ती हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्प होय. मूर हा खाणकामगाराचा मुलगा, यॉर्कशायरमध्ये जन्मलेला. विसाव्या शतकातील शिल्पकलेचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही, आणि त्याची कृती पाहण्यासाठी लोक समुद्र ओलांडून जातात. रविवर्म्याच्या चित्रातील शालूची जर आणि दागिन्यांची चमक पाहून आलेल्या दृष्टीस हे शिल्प प्रथम अपुरे वाटते; नाकडोळे रेखीव नाहीत, अलंकार नाहीत. मग हळूहळू लक्षात येते की, दगडाचे दगडपण न लपविता त्यातूनच आईचे भारदस्त, आश्वासक अस्तित्व साकारले आहे. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला आई म्हणून हाक मारणाऱ्या आमच्या माणसास हे समजण्यास वस्तुतः कलाशास्त्राच्या ग्रंथाची गरज नाही, थोडा वेळ आणि थोडा धीर मात्र लागतो. वरच्या बाजूस यमाई आणि खाली ही दगडातली माता, असे सान्निध्य दुसऱ्या कोणत्या संग्रहालयास लाभले असेल, असे मला वाटत नाही.

संस्थान १९४८ साली विलीन झाले, आणि हा संग्रह पुढे राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आला. म्हणजे कागदोपत्री तो आता तुमचा-माझा, महाराष्ट्राच्या प्रत्येक नागरिकाचा आहे. परंतु शेतीवाडीच्या व्यवहारात मुरलेल्या आमच्या लोकांना हे सांगावयास नको की, सातबाऱ्यावर नाव असणे निराळे आणि वहिवाट असणे निराळे. ज्या रानात धनी वर्षानुवर्षे पाऊल टाकीत नाही, त्याचा बांध सरकतो, विहीर बुजते, आणि शेवटी तंट्याच्या वेळी तलाठ्याच्या दप्तरातील नोंद एकटी पडते. सार्वजनिक कलासंग्रहाची गोष्ट याहून वेगळी नाही. शासनाची मालकी ही नोंद आहे. माणसांनी तेथे जाणे, मुलांना नेणे, एखादे चित्र काळवंडलेले दिसले तर विचारणा करणे, ही वहिवाट आहे. ती चालू नसेल तर अंदाजपत्रकातील तरतूद आखडते, रिकामी झालेली जागा रिकामीच राहते, आणि हे घडत असताना कोणी एक मनुष्य दोषी असतो असेही नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. अशा मोलाच्या वस्तू आडवाटेच्या टेकडीवर कशासाठी, त्या मुंबईस न्याव्यात. तेथे तज्ज्ञ आहेत, बंदोबस्त आहे, पाहणारे हजारो आहेत, असे म्हटले जाते. तैलचित्रास धूळ, उष्मा आणि प्रखर प्रकाश बाधतो, हस्तिदंत कोरड्या हवेने तडकते, आणि त्यांच्या रक्षणास शिकलेला मनुष्य लागतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण शिकलेला मनुष्य टेकडीवर आणता येतो. टेकडी मुंबईस नेता येत नाही. चित्रे हलविली तर चित्रे वाचतील, आणि खटाव-माणच्या लेकरांच्या अंगणात आणून ठेवलेली वस्तू उचलून नेल्यासारखे होईल. ज्यांच्यासाठी ती जमविली त्यांनाच ती दुरावेल. शिवाय मुंबई-पुण्यास पाहण्याजोगे पुष्कळ आहे. कलेचा सारा साठा शहरात आणि सारी तहान खेड्यात, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

खेड्यात तहान असते काय, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याने अलिबागजवळच्या सासवणे गावी जावे. तेथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे घर हेच त्यांचे शिल्पालय आहे. घरात आणि अंगणात, झाडांच्या सावलीत, त्यांनी घडविलेली माणसे आणि जनावरे उभी आहेत, आणि त्यांतली म्हैस तर अशी सजीव की, तिच्या पाठीवर थाप मारण्याचा मोह आवरत नाही. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातला हा मुलगा. त्याने देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवछत्रपतींचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले, त्यांनी त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले, आणि पुढे त्याच हातांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविला, ज्याचे अनावरण १९२८ साली झाले. कलकत्ता आणि लंडन पाहून आलेल्या या कलावंताने आपली शिल्पे अखेरीस आपल्या गावच्या मातीवर आणून ठेवली. रॉथफिल्डसाहेबांची नजर त्या भिंतीकडे गेली नसती तर काय झाले असते, या विचाराने मी अस्वस्थ होतो. कारण अशा भिंती आमच्याही तालुक्यात असतील, आणि दौऱ्यावरचा अंमलदार प्रत्येक वेळी तितका रसिक असेल याची हमी नाही. ती नजर गावातच तयार व्हावयास हवी.

म्हणून माझे मागणे नेमके आहे. दौंड आणि शिरूर तालुक्यांतील शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. त्यांतल्या किती पाण्याच्या घसरगुंड्यांकडे वळतात हे शिक्षकांस ठाऊक आहे, आणि मुलांच्या त्या आनंदाविरुद्ध माझी तक्रार नाही. पण सात-आठ वर्षांच्या शालेय आयुष्यात एक सहल तरी भुलेश्वरची असावी, सोमवार टाळून, सकाळच्या प्रहरी, बरोबर विजेरी आणि चित्रवही घेऊन. आणि एक औंधची. नीरा, लोणंद, फलटण, दहिवडी आणि वडूज या मार्गाने एका दिवसात जाऊन येणे साध्य आहे. संग्रहालयात मुलांना रांगेने एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर काढू नये. प्रत्येकाने आपणास आवडलेली एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे पाव तास बसावे, जमेल तशी ती काढावी, आणि चित्रकलेच्या गुरुजींनी तेवढ्या वेळात काहीही समजावून सांगू नये. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत, तेथे शेजारच्या शाळेतील शिक्षकास त्या दिवसापुरते पाठविण्याची व्यवस्था केंद्रप्रमुखांस करता येईल.

यासाठी लागणारा खर्च एस.टी.चे सवलतीचे भाडे आणि मुलागणिक एक चित्रवही याहून फारसा नाही. तो जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्याने येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षकाखाली दाखवावा, असा ठराव कासुर्डीच्या ग्रामसभेने प्रथम करावा, आणि यवत, सहजपूर, खामगाव येथील ग्रामसभांनी त्यास अनुमोदन देऊन त्याच्या प्रती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात.