वाफ्यात लॅव्हेंडर की सब्जा?



आपल्या शाळेपुढचा वाफा यंदा रिकामा आहे. त्यात काय लावायचे, असे गुरुजींनी आमच्या वर्गाला विचारले. बऱ्याच जणांनी "लॅव्हेंडर, लॅव्हेंडर" म्हणून हात वर केले. साबणाच्या कागदावर ते जांभळे फूल असते, म्हणून सगळ्यांना आवडते. मलाही आवडते. पण माझे मत आहे, की आपण सब्जा लावावा.

का ते सांगते. मी घरी बियापासून लॅव्हेंडर लावून पाहिले आहे. संक्रांतीला मामाने पुण्याहून बियांची पुडी आणली होती. बी तिळापेक्षा बारीक, काळपट. आजीने तेलाचा रिकामा डबा दिला. त्याला खाली भोके पाडली, निम्मी माती अन् निम्मी वाळू भरली आणि वर बी भुरभुरले. रोज उठले की आधी डबा बघायची. पंधरा दिवस काहीच नाही. आजी म्हणाली, "पोरी, बी मेलं वाटतं." वीस दिवसांनी तीन कोंब आले. मी लई नाचले. चैत्रापर्यंत रोपे बोटाएवढी झाली. मग ऊन तापले. मी जास्त पाणी घातले तर एक रोप मुळातून कुजले. दोन मे महिन्यात वाळून गेली. मला रडू आले.

गुरुजी म्हणाले, "तुझी चूक नाही. ते थंड डोंगराचे झाड आहे." आपल्या देशात ते काश्मीरमध्ये आणि जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात भदरवाह येथे होते. तिथे पूर्वी मका घेणारे शेतकरी आता लॅव्हेंडर लावतात आणि फुलांचे तेल काढून विकतात. त्याला निचऱ्याची जमीन लागते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. शिवाय बियापासून केले तर फुलाला बहुधा दुसरे वर्ष उजाडते. तोवर आम्ही पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेलो असू!

आता एक गंमत. तुळशीची कांडी बोटात धरून फिरवा. चार कडा लागतात. सब्जा, मरवा, पुदिना यांचेही खोड असेच चौकोनी. लॅव्हेंडरचेही तसेच! ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. म्हणजे लॅव्हेंडरची बहीण आपल्याच दारात उभी आहे.

सब्जाचे बी मृग लागल्यावर पेरायचे. खोल पुरायचे नाही, वरून मूठभर बारीक माती टाकायची. पाणी तांब्याने ओतले तर बी वाहून जाते, म्हणून हाताने शिंपडायचे. आठ दिवसांत कोंब येतात. दिवाळीच्या आधी तुरे येतात, मधमाश्या येतात. तुरे वाळले की चोळून बी काढायचे. थोडे सरबतात घालायचे, बाकीचे पुढच्या चौथीसाठी ठेवायचे. एकदा बी मिळाले की पुन्हा विकत घ्यायला नको.

कोणी म्हणतात, "सब्जाला काय शोभा?" खरे आहे, फूल लहान असते. पण शोभेच्या झाडाला उन्हाळाभर पाणी कोण घालणार? हंडे तर आम्ही मुलीच आणतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. तेव्हा आम्ही फार लहान होतो किंवा जन्मलोही नव्हतो. पण माय अजून सांगते, की घागरीतला शेवटचा घोटही कोणी सांडत नव्हते. अशा मुलखात पावसावर येणारे आणि उन्हाळ्याआधी बी देऊन जाणारे झाड शहाणे, असे मला वाटते.

पावसाने ओढ दिली तर खिचडी खाल्ल्यावर हात धुतल्याचे पाणी वाफ्याला जाऊ द्या. त्यासाठी एक नाली काढावी लागेल. पालकांनो, एक दिवस कुदळ घेऊन या. आणि ज्यांच्या घरी सब्जा आहे त्यांनी चिमूटभर बी पाठवा.

लॅव्हेंडर वाईट आहे असे मी म्हणत नाही. मोठी झाले की भदरवाहला जाऊन ते बघणार आहे. पण आपल्या वाफ्यात आपल्या मातीला मानवेल तेच लावू या. तुम्हाला काय वाटते, ते खालच्या कोऱ्या कागदावर लिहा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी